गणपत गुंजीकराचं दुसरं बारसं

अळणावरच्या बाजारात एक बोलवा आहे. होन्नेवाडीत म्हणे एक म्हातारा राहतो, तो एकाहत्तरच्या लढाईत मेला, आणि तरी बाजार चुकवत नाही. मिरच्या विकणारी बाई हे सांगताना आवाज खाली आणते, तागडी हलती ठेवते आणि विचारते, "सावली बघितलीस काय गे त्याची? मी नाय बघितली." तिच्या शेजारचा चपला शिवणारा तिच्याही पुढचा. तो नाकातून बोलतो, त्यामुळे त्याची कुठलीही थाप आकाशवाणीवरच्या बातमीसारखी खरी वाटते. त्याच्या मते म्हातारा भूतबीत काही नाही, पळपुटा आहे. लढाई पेटली तसा बंदूक टाकून रानोरान घरी आला आणि सरकारनं त्याला मेलेला धरलं. "हौदल्ला," असं दर वाक्याच्या शेवटी म्हणून तो स्वतःच स्वतःला दुजोरा देतो.

दोन्ही खोटं. गणपत धोंडीबा गुंजीकर भूत नाही आणि पळपुटाही नाही. त्याची सावली चांगली लांब पडते, कारण तो सकाळी लवकर निघतो. आणि पळून यायला आधी जावं लागतं. गणपत कधी लढाईला गेलाच नाही. इकडे धारवाड आणि तिकडे लोंढा, ह्यापलीकडचं जग त्यानं पाहिलेलं नाही. लढाईला गेलं ते त्याचं नाव.

ते घेऊन गेला त्याचा धाकटा भाऊ भीमराव, म्हणजे घरचा भिमा. सोळाव्या वर्षी हा पोरगा थोरल्या भावाच्या डोक्यावरून पलीकडचं बघायचा. बेळगावला भरती आहे असं कळलं तसं त्याला घरात बसवेना. उंची होती, छाती होती, वय तेवढं नव्हतं. गणपतचं वय बसत होतं. चौथीतून शाळा सोडून तो नांगराला लागला होता, आणि त्याचा शाळेचा दाखला पत्र्याच्या पेटीत तसाच पडून होता.

"दे की अण्णा," भिमा म्हणाला. "तुला कुठं मामलेदार व्हायचंय?"

गणपतला त्यात वावगं काही दिसलं नाही. वापरात नसलेली वस्तू सख्ख्या भावानं मागितली तर कोण नाही म्हणतं? लोक औत देतात, बैल देतात, लग्नात मिरवायला कोट देतात. गणपतनं नाव दिलं. काम झालं की परत येईल, एवढाच त्यामागचा विचार. आईनंही, "नीट सांभाळ गा," असंच सांगितलं, जसं काही भिमा शेजारच्याची बैलगाडी घेऊन चालला होता.

एकदा तो रजेवर आला. कवायतीच्या आवाजात आईला म्हणाला, "खाना तयार है क्या," आणि आईनं त्याला पळी फेकून मारली. संध्याकाळी दोघे भाऊ बांधावर बसले तेव्हा गणपतनं विचारलं, "पलटणीत कसं चाललंय गा?"

"बरं चाललंय. तिथं मला गणपत म्हणतात. कुणी हाक मारली की मला तूच दिसतोस."

"दिवसातनं किती वेळा?"

"कवायतीचा उस्ताद चिडला असला की लई वेळा."

एकाहत्तर साली भाताची मळणी चालली होती तेव्हा तार आली. तारवाला सायकल खळ्याच्या कडेला टेकवून म्हणाला, "गणपत गुंजीकर कोण?"

"मीच की."

तारवाल्यानं कागद वाचला, गणपतकडे बघितलं, पुन्हा वाचला. मग टोपी काढून कानडीत म्हणाला, "ह्यात लिहिलंय, गणपत गुंजीकर पूर्वेकडच्या लढाईत पडला."

खळ्यावरच्या सगळ्या माना गणपतकडे वळल्या. त्याच्या हातात सूप होतं आणि वारा होता म्हणून तो भात उफणत होता. आई म्हणाली, "हा तर इथं उभा हाय," आणि हसली. खरोखरीच हसली. ते हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र पुढे निघून गेले. गणपत सांगतो, आई पुढं किती वर्षं जगली, पण ते हसू काही तिनं परत आत घेतलं नाही आणि दुसरं काढलं नाही.

काही दिवसांनी पलटणीकडून चौकशीला एक साहेब आला. घोंगडीवर बसला, चहा प्याला, गणपतकडे बोट करून विचारलं, "हा कोण?"

"धाकटा," आई म्हणाली.

"नाव?"

आईचं तोंड उघडेना. शेवटी साहेबाबरोबर आलेला पोलीस पाटीलच घाईनं म्हणाला, "भीमराव, साहेब. ह्याचं नाव भीमराव." साहेबानं गणपतच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "भीमराव, आईला सांभाळ."

साहेब गेल्यावर आईनं चूल विझवली. घरातल्या सगळ्यांना, म्हणजे गणपतला आणि परकरातल्या धाकट्या बहिणीला, जनीला, समोर बसवून सांगितलं, की भिमाचं नाव ह्या घरात पुन्हा कुणी काढायचं नाही. साहेब परत येईल ही भीती होतीच. पण नुसती भीती नव्हती. तिला ते नाव दुसऱ्याच्या अंगावर बघवलं नव्हतं.

गाव शहाणं असतं. एका घरानं गिळलेलं नाव गावानंही गिळलं. पोरांची नावं ठेवताना लोक त्या नावाला वळसा घालून गेले. भिमाबद्दल बोलायची वेळ आलीच तर "तो" म्हणायचे आणि हनुवटीनं पूर्वेकडे खूण करायचे. गणपतचं लग्न झालं, पोरंबाळं झाली, आई गेली, आणि भिमा हा शब्द होन्नेवाडीच्या घरादारात पुन्हा उमटला नाही.

गणपतला भावाची आठवण येत नव्हती असं नाही. पण आठवण यायला काही दार लागतं. फोटो नव्हता, अंगावरचा सदरा नव्हता, तिथली माती नव्हती. होतं ते नाव, आणि त्यालाच बंदी. मग त्यानं एक जागा शोधून काढली. भात पोसवलं की राघू उतरतात, आणि राखणीच्या माळ्यावर बसून त्यांना ओरडावं लागतं. काय ओरडायचं ह्याला नियम नसतो. कुणी "हो हो" करतं, कुणी डबा वाजवतं. गणपत ओरडायचा, "ए भिमाऽऽ." राघू उडून जायचे, रान मोकळं व्हायचं, तरी हाक थांबायची नाही. बायको सोनाबाई भाकरी घेऊन यायची, खाली उभी राहून ऐकायची आणि माळ्यावरून हाक संपल्यावरच खोकायची. कापणी झाली की ती सोय बंद.

तर असं सगळं चाललं होतं, आणि पंचायतीतल्या अभिषेकनं गावात हुतात्म्यांचं स्मारक बांधायचं काढलं.

अभिषेक तरणा मेंबर. तो साधं बोलला तरी पुढे माइक असल्यासारखा बोलतो, "सर्व ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, चहा कुठं हाय?" असं. पण काम चोख. ठराव झाला की घरटी एक दगड आणायचा, आणि तो विकत नव्हे, आपल्या बांधावरचा. त्यातून मारुतीच्या देवळासमोर चौथरा उभा करायचा आणि वर काळ्या शिळेवर तीन नावं कोरायची. एक जुन्या महायुद्धातलं, एक एकाहत्तरचं आणि एक अलीकडं बर्फात गेलेल्या पोराचं. आता प्रत्येक बांधाचा दगड वेगळा. एक तांबडा, एक जांभा, एक अंड्यासारखा गोल. हल्याळहून आलेला गवंडी कपाळाला हात लावून म्हणाला, "ह्या दगडांचं एकमेकाशी पटत नाय, तुमच्यासारखंच." तरी चौथरा झाला. गणपतनं आणलेला दगड गाडीत घालून आणावा लागला. तो म्हणाला, खाली घाला, सगळ्यांच्या खाली. चुना मळायला, पाणी ओतायला तोच सगळ्यात आधी हजर. हे स्मारक होणार आणि शिळेवर भिमाचं नाव लागणार, मग येणारी जाणारी पोरं मोठ्यानं वाचणार, एवढंच त्याच्या डोक्यात.

शिळेवरचा मजकूर लिहायचं काम सुधींद्र मास्तरांकडे गेलं. मास्तर धारवाडचे, मळमड्डीत राहतात. त्यांची सगळी नोकरी होन्नेवाडीच्या हायस्कुलातच झाली आणि अर्ध्या गावाच्या कानशिलावर त्यांचा हात उमटलेला आहे. बोलण्याआधी ते घसा दोनदा साफ करतात, एकदा मराठीसाठी आणि एकदा कानडीसाठी. त्यांनी देवळाच्या कट्ट्यावर बसून तिन्ही नावं वाचून दाखवली. मधलं होतं, शिपाई गणपत धोंडीबा गुंजीकर.

सगळे गणपतकडे बघायला लागले.

"मास्तर," गणपत म्हणाला, "ते भीमराव पाहिजे."

"मला ठाऊक नाही होय? सगळ्या गावाला ठाऊक आहे." मास्तरांनी दोन्ही भाषांचा घसा साफ केला. "पण हे बघा की हो, कसं आहे, कचेरीत जी नोंद आहे तीच शिळेवर यायला पाहिजे. तिथले अधिकारी अनावरणाला येणार. वेगळं नाव दिसलं की विचारणार, हा कोण. मग सांगावं लागणार."

"सांगू की. आता काय फासावर देणार व्हय मला?"

"तुम्हाला कोण काय करतंय? पण त्याला म्हणतील की हो. खोटा दाखला दाखवून भरती झाला म्हणतील. पेपरात येईल." मास्तरांचा आवाज खाली आला, तेव्हा तो मास्तरांचा राहिला नाही. "ज्या पोरानं जीव दिला त्याला आपण आपल्या म्हातारपणी लबाड ठरवायचं काय, गणपतराव?"

अभिषेकनं तोडगा काढला. "आपण असं करू. गणपत उर्फ भीमराव. दोन्ही येतंय."

"उर्फ चोराला असतंय गा," गणपत म्हणाला. "पोलीस लावतात ते." आणि उठून गेला.

त्यानंतर चौथऱ्याकडे तो फिरकला नाही. अंगणात बसून राहायचा. सोनाबाईनं जेवायला वाढलं तर भात गार होईपर्यंत बघत बसायचा. एकदा ती वैतागून म्हणाली, "दगडावर काय लिहिलंय त्यानं काय होतंय? माणूस त्यात असतो व्हय?"

"नसतो. पण हाक मारायला काय तरी पाहिजे का नको?"

"मग मारा की हाक. आता कोण नको म्हणतंय? सासूबाई जाऊन जमाना झाला."

"मी एकट्यानं मारून काय उपयोग? हाकेला कुणी तरी 'ओ' द्यायला पाहिजे."

सोनाबाई सांगते, की तेव्हा त्यांनी भाताचा घास घेतला आणि तो चावताना मध्येच थांबले, खडा लागल्यासारखे. खडा नव्हता. तिनं स्वतः निवडला होता तो तांदूळ.

दुसऱ्या दिवशी गणपत कट्ट्यावर गेला आणि म्हणाला, "लावा गणपत. माझी काय हरकत नाय."

मास्तरांनी त्याचा हात धरला. अभिषेकनं सर्व ग्रामस्थांच्या वतीनं आभार मानले.

"पण मग ते नाव त्याचं झालं," गणपत म्हणाला. "कायमचं. दगडावर आलेलं नाव जित्या माणसानं वापरायचं नसतंय. मला आता नाव नाय. मला दुसरं पाहिजे."

"म्हणजे?"

"माझं बारसं करा."

कट्टा हसला. मग गणपत हसत नाही असं बघून हसायचा थांबला. कुठलं नाव ठेवायचं हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले.

बारशाला आत्या लागते. नाव आत्यानं ठेवायचं असतं. गणपतची आत्या कुठल्या जन्मी गेलेली. मग बायकांनीच निकाल दिला, की घरातली लेक ती पोरांची आत्या, तेव्हा जनाबाईला बोलवा. जनाबाई म्हणजे तीच परकरातली जनी, आता नातवंडांची आजी. ती हल्याळहून आली ती दारातच म्हणाली, "अण्णा, लोक हसतील गा."

"हसू देत. बारशाला लोक रडतात व्हय?"

लोक हसलेच. पाळणा पुरणार नव्हता म्हणून घोंगडीवर बसवलं आणि चार बायकांनी चार कोपरे धरले. एकजण म्हणाली, "बाळाचं वजन बरं हाय." दुसरी म्हणाली, "दात बघा गे, आले काय?" "आले होते, गेले." घुगऱ्या शिजल्या होत्या, पोरं आधीच खिसे भरत होती. डोक्याला कुंची बांधायचा आग्रह झाला तेव्हा गणपतनं फेटा काढून दिला आणि कुंची बांधून घेतली. पांढऱ्या मिशांवर ती कुंची. हसता हसता बायकांच्या हातातून घोंगडी सुटायला आली.

मग जनाबाई त्याच्या कानाशी वाकली. पद्धतीप्रमाणे कुर्रर्र केलं, तोंडाला पदर लावला आणि थांबली. तोंड हललं, आवाज आला नाही. आईनं तिला समोर बसवून घातलेली बंदी इतकी वर्षं तिच्या गळ्यात तशीच होती. परकर गेला, लुगडं आलं, केस पांढरे झाले, बंदी तेवढीच राहिली.

"म्हण गे," गणपत म्हणाला.

"येत नाय रे."

"म्हण. आई रागवायची नाय."

ती काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं," तो म्हणाला. "लांब गेलाय तो. मोठ्यानं म्हण."

आणि जनाबाईनं हाक मारली. पोर विहिरीकडे गेलं की मारतात तशी, घशातली सगळी ताकद लावून. "भिमाऽऽ." अंगणातली कोंबडी उडाली. घोंगडी धरलेल्या बायका जागच्या जागी राहिल्या.

"ओ," गणपत म्हणाला.

मग सोनाबाईनं डोळे पुसून घुगऱ्यांचं पातेलं पुढे ओढलं. कुणीतरी तिला चिडवलं, "काय गे, आता नवऱ्याचं नवीन नाव घ्यायला शिक."

"मला काय," ती म्हणाली. "जुनं कुठं घेत होते?"

अनावरणाला अधिकारी आले, बिगूल वाजला, शिळेवरचा कपडा ओढला. साहेबांनी तिन्ही नावं वाचली. मधलं वाचलं तेव्हा नव्या फेट्यातला एक म्हातारा पुढे झाला, शिळेवरच्या त्या ओळीवरून पालथा हात फिरवला, गालावरून फिरवावा तसा, आणि मागे सरला. साहेबांनी विचारलं, "ह्यांचे कोण आपण?"

"भाऊ. भीमराव."

"मोठे का धाकटे?"

म्हातारा अडखळला. "आता धाकटा," म्हणाला. साहेबांना कुणाशी तरी हस्तांदोलन करायचं होतं, ते पुढे गेले.

आता हे लिहिणारीची गोष्ट. ती नकला करते, होन्नेवाडीतल्या कुणाचाही आवाज तिच्या गळ्यातून निघतो. बसच्या कंडक्टरपासून मास्तरांच्या दोन भाषांच्या खाकरण्यापर्यंत. अनावरणाच्या संध्याकाळी तिनं भिमाअण्णांना सांगितलं, की बारसं झालं ते ठीक, पण माणसाचा कान म्हातारा झाल्यावर बदलत नसतो. सत्तर वर्षं ज्या हाकेला मान वळली ती पुन्हा वळणारच. पुढच्या बाजाराला मागून कुणी गणपत म्हटलं आणि तुम्ही वळलात, तर मिरची भजी आणि चुरमुऱ्याचं गिरमिट तुमच्याकडून. नाही वळलात तर माझ्याकडून.

"माझे दात नायत," ते म्हणाले. "गिरमिटच सांग."

बाजाराच्या दिवशी ते पुढे, ती चार माणसं सोडून मागे. आधी कंडक्टरच्या नाकातल्या आवाजात, "ए गणपत, सुट्टे घे." ते कोथिंबीर बघत होते. कोथिंबीरच बघत राहिले. मग मास्तर, दोन्ही घसे साफ करून, "गणपतराव, जरा ऐका की हो." ते पुढे चालले. मग अभिषेक, माइकसकट. मग ठेवणीतला, जनाबाईचा आवाज, ज्याला नाही म्हणणं त्यांना कधीच जमलेलं नाही. "गणपतअण्णा गा, थांब जरा." फेट्याचं टोकसुद्धा हललं नाही. बाजारातले दोन खरेच गणपत मात्र वळले आणि त्यातल्या एकानं तिला शिवी दिली.

तिला वाटलं, म्हाताऱ्यानं पैजेसाठी मान आवळून धरलीय. एवढी जिद्द तर कुणालाही जमते. हे ती त्यांना सांगणार, तेवढ्यात भांड्यांच्या दुकानापाशी कुणा परगावच्या बाईचं पोर गर्दीत सुटलं आणि ती घाबरून ओरडली, "भिमाऽ, ए भिमा, कुठं गेलास गा?"

भिमाअण्णा वळले. नुसती मान नाही, अख्खे वळले, पिशवीतली कोथिंबीर सांडली. आणि त्यांच्या तोंडातून आधीच गेलं होतं, "ओ, इथं हाय."

पोर कुठूनसं धावत आलं, आईला बिलगलं, तिनं त्याला आधी एक धपाटा घातला आणि मग उचललं. दोघं गर्दीत दिसेनाशी झाली तरी म्हातारा तिकडेच बघत उभा होता.

तिच्या पैशाचं गिरमिट खाताना ते एवढंच म्हणाले, की मिरची जास्त झालीय. आणि आणखी एक प्लेट मागवली.